हिरडेखिंडीची मिटली वाट

श्रीगजाननास, शारदेस आणि खिंडीच्या माथ्यावरील वाघजाईस दंडवत घालून, ज्या राज्याचे नाव घेण्याची आम्हांस आज्ञा नाही त्या राज्यात डाकेच्या वाटांस गाठ कैसी पडली आणि ती कोणी सोडविली, ही हकीकत शके सोळाशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सर, येथपासून लिहितो. लिहिणारा हिरडेखिंडीचा आहे. तेव्हा खिंडीचे कौतुक अंमळ अधिक जाहले तर वाचणाराने समजून घ्यावे, आणि समजून न घेतल्यास आमची हरकत नाही, कौतुक कमी होणार नाही.

त्या राज्यात जागोजाग डाकेच्या चौक्या होत्या. चौकी म्हणजे एक नाईक, एक कारकून, आठ जासूद, म्हणजे कागद घेऊन धावणारे गडी, आणि दारी एक दगड, त्यावर चौकीचा आकडा कोरलेला. जी चौकी आधी बांधली तिचा आकडा लहान. पहिला आकडा उंबरपाणी या खेड्याचा, जेथे एक झरा, चार झोपड्या आणि सुभाना नाईक नावाचा म्हातारा यांवेगळे काही नव्हते. आणि राजधानी मागाहून वसली म्हणोन खुद्द राजधानीच्या चौकीस आकडा सातवा, आणि हे राघोपंत दिवाणांस फार सलत असे. चौक्यांचा शिरस्ता ऐसा की, कागद ज्याच्या नावचा तो मनुष्य कोणत्या वाटेस राहतो हे वहीत असेल तर कागद त्याच वाटेस धाडावा. वहीत नसेल, किंवा कागदावर 'सर्वांस' म्हणोन लिहिले असेल, तर नकला कराव्या आणि आल्या वाटेखेरीज बाकी सर्व वाटांस एकेक रवाना करावी. दुसरा शिरस्ता याहून कडक. शिक्क्याचा कागद फाडू नये, दाबून ठेवू नये, आणि त्यावर दुसऱ्याने एक अक्षरही काढू नये, कां की महाराजांचा शिक्का तो महाराजांचा हात. नकलेसही शिक्का होत असे, म्हणोन असल आणि नक्कल यांत भेद नव्हता. ऐसे शंभर वर्षे चालिले आणि कोणाचे काही अडले नाही.

मग वाघजाळीचा साकव पुरात वाहून गेला. राजधानीहून उंबरपाणी, तेथून वाघजाळी, तेथून कळकगड, ऐसी गडाची एकच वाट होती, ती तुटली, आणि सरहद्दीवरील एवढा मोठा गड दोन महिने राज्यात असून नसल्यासारखा जाहला. साकव पुन्हा उभा केला, तरी महाराज घाबरे जाहले आणि आज्ञा केली की गडास दुसरी वाट पाहिजे. तेव्हा राजधानीच्या पलीकडील अंगास हिरडेखिंडीची चौकी होती, आकडा नववा, आणि तेथे नाईकपणावर आवडाबाई होती, धोंडजी नाइकाची लेक, बापामागे चौकी तिजकडे आली. तिचा थोरला भाऊ महिपतराव तो कळकगडचा किल्लेदार. आवडाबाईने साठ माणसे लावून अकरा महिने काळा दगड फोडिला आणि खिंडीतून गडावर पाऊलवाट चढविली, जेथून घोडे जात नाही परंतु जासूद अर्ध्या दिवसात पोहोचतो. ऐसी वाट त्या राज्यात दुसरी नव्हती, आजही नाही, आणि ज्यांस संशय असेल त्यांनी येऊन चढून पाहावी. वाट पुरी जाहली तेव्हा महिपतरावाची बायको राधाऊ पहिल्या दिवशी पुरणपोळ्यांची चुंगडी घेऊन गडावरून खाली उतरली आणि नणंदेस म्हणाली, आता माहेर जवळ आले. तिचे माहेर कोकणात. परंतु आवडाबाईस ते फार गोड वाटले.

पुढे दीड महिना सुखाचा गेला. मग महाराजांच्या पागेतील चंद्री नावाची पांढरी घोडी दावे तोडून गेली, आणि पागेच्या दरोग्याने कागद काढिला की, पांढरी घोडी, डाव्या कानास चीर, जयाकडे असेल तयाने कळवावे. आणि वर लिहिले 'सर्वांस'. घोडी दुसऱ्याच दिवशी राजधानीतल्या परटाच्या दारी खळ खात उभी असलेली सापडली. कागद मात्र सापडला नाही, तो फिरत राहिला. राजधानीने एक नक्कल उंबरपाण्यास आणि एक खिंडीस धाडिली, उंबरपाण्याची वाघजाळीस गेली, वाघजाळीची गडावर, गडाची खिंडीत, आणि खिंडीची पुन्हा राजधानीत. आणि दुसरी तशीच उलट्या अंगाने फिरोन आली. राजधानीच्या कारकुनाने पाहिले, शिक्का आहे, 'सर्वांस' आहे, आणि शिरस्त्याप्रमाणे पुढे रवाना केली. ज्या गावावरून कागद गेला त्या गावच्या पाटलाने अदबीने उत्तर दिले की घोडी आम्हांकडे नाही, आणि कोणास चुकवू नये म्हणोन तेही 'सर्वांस' लिहिले. मग उत्तरेही फिरू लागली. कागद दुसऱ्यांदा आला तेव्हा पाटलांनी दुसऱ्यांदा उत्तर दिले, कां की सरकार पुन्हा विचारते म्हणजे काही तरी बिनसले असेल. वह्यांत तर ऐसी खोडाखोड जाहली की सांगता सोय नाही: दरोग्याचा कागद सकाळी पूर्वेच्या वाटेने येई तेव्हा कारकून लिही की दरोगा पूर्वेस राहतो, आणि दुपारी तोच पश्चिमेकडून येई तेव्हा ते खोडून लिही की दरोगा पश्चिमेस राहतो, आणि दरोगा बिचारा पागेत बसून घोडीस चंदी चारीत होता.

बाराव्या दिवशी जासुदांच्या नाकी नऊ आले. कोणाच्या टाचा फुटल्या, कोणी वाटेत बसला तो उठेना, आणि चौक्यांच्या ओसरीवर कागदांचे ढीग लागले, कां की जितके जात त्याहून अधिक येत. कारकून सगळे जाणून होते की हे कालचेच कागद आहेत. परंतु फाडतो कोण? आपणच एक खरा हुकूम फाडिला ऐसे निघाले तर मान कोणाची जाईल, या भयाने जो तो पुढे ढकली. आवडाबाई चौदाव्या दिवशी ओसरीवर उभी राहिली, ढिगाकडे पाहिले, आणि मग पहारी घेऊन निघाली, आणि जी वाट आपल्या हाताने फोडिली तिच्या तोंडाशी आपल्या हाताने दरड पाडिली. माणसे रडू लागली. परंतु दोन दिवसांत फिरते कागद एकेका टोकास जाऊन निमूट बसले, नवे उठेनात, आणि सारे राज्य मोकळे जाहले. मग ओसरीवरचा ढीग उपसू लागले तेव्हा तळाशी महिपतरावाचा कागद निघाला, दिवाणांच्या नावचा, नऊ दिवसांचा शिळा. राधाऊस ताप चढला आहे, गडावर औषध नाही, वैद्य धाडावा. वैद्य त्याच दिवशी दरड चढून पळत गेला. राधाऊस जाऊन चार दिवस जाहले होते.

महिपतरावाने बहिणीस दोष दिला नाही, शिवी दिली नाही, एवढेच कळविले की यापुढे मजला चिठी धाडू नये. त्या साली भाऊबीजेस तो आला नाही. आवडाबाईने ओवाळणीचे ताट केले आणि संध्याकाळी तसेच उचलून ठेविले, आणि आम्ही चौकीतली माणसे त्या दिवशी जेवलो नाही.

मग दरबार भरला. राघोपंत दिवाण म्हणो लागले की दुसरी वाट हेच मूळ दुखणे, ती कायमची बुजवावी. आवडाबाई उभी राहिली. दरबारात ती एकटी बाई, पायांत धुळीच्या वहाणा, परंतु आवाज चांगला खणखणीत होता. तिने विचारिले की बुजविली आणि साकव पुन्हा वाहिला तर गड कोणाच्या भरवशावर सोडणार? मग तिने आपली तजवीज सांगितली, आणि ती आम्ही येथे सावकाश सांगतो, कां की सारा अभिमान या जागी आहे. ती म्हणाली, वाटा दोन असाव्या परंतु जागी एक असावी, दुसरीने निजावे, आणि एक डोळा उघडा ठेवून निजावे. कोणती निजेल हे कोणी माणसाने ठरवू नये, दगडांवरच्या आकड्यांनी ठरवावे. प्रथम प्रत्येक चौकीने शेजाऱ्यास कळवावे की राज्याचे मूळ मी, माझा आकडा अमका. शेजाऱ्याकडून आपल्याहून लहान आकडा ऐकू आला की आपली बढाई सोडावी आणि त्या लहान आकड्याचे नाव पुढे सांगावे. ऐसे होता होता सर्वांच्या तोंडी एकच नाव राहील, ते मूळ. मग प्रत्येकाने मुळाकडे जाणारी आपली सर्वांत जवळची वाट उघडी ठेवावी. दोन चौक्यांमधील जी वाट कोणासच मुळाकडे जाण्यास लागत नाही, तिच्या दोन टोकांपैकी जे टोक मुळापासून दूर, त्याने फाटक लावावे. आणि दोघे सारखेच दूर असतील तर ज्याचा आकडा मोठा त्याने लावावे. ऐसे केल्यावर वाटा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरतील, फांदी फिरोन खोडास लागत नाही, आणि कोणताही कागद फिरोन आल्या जागी येणार नाही. मुळाने रोज सूर्योदयी खुशालीची चिठी काढावी, ती चौकी चौकीने पुढे जावी, मिटल्या फाटकापर्यंतही जावी. फाटकाने दुसरा कोणताही कागद घेऊ नये, फाडूही नये, आल्या पावली परत करावा. खुशाली मात्र रोज ऐकावी. तीन दिवस फाटकापलीकडून मुळाची खुशाली आली नाही तर समजावे की जागी वाट तुटली. तरीही एकदम उघडू नये. चवथा दिवस नुसते ऐकावे की कोणी हरकत घेतो काय, पाचवा दिवस कोण कोणत्या बाजूस राहतो ते वहीत टिपावे, आणि सहाव्या दिवशी सूर्योदयी फाटक काढावे.

दिवाण म्हणाले, वाट तुटली हे कळल्यावर पाच दिवस बसून राहणे हा कोठला शहाणपणा? आवडाबाई म्हणाली, "दिवाणजी, जासुदाच्या पायात काटा मोडला तरी एक दिवस चिठी चुकते. तेवढ्यावर फाटक काढले आणि पलीकडची वाट जिवंत निघाली, तर पुन्हा चौदा दिवस. त्या चौदा दिवसांत काय जाते ते माझ्या घरी विचारा." मग दिवाणांनी स्वतः कारकुनास ही तजवीज लिहून घेण्यास सांगितले, आणि ही त्यांची थोरवी आम्ही कबूल करितो.

तेथेच आकडे मांडिले. सर्वांत लहान आकडा उंबरपाणीचा, म्हणोन राज्याचे मूळ राजधानी नव्हे तर ती चार झोपड्यांची चौकी ठरली. दिवाणांचा चेहरा पाहण्यासारखा जाहला. आणि सुभाना नाइकास ही खबर तीन वेळा ओरडून सांगावी लागली, मग तो म्हणाला, मी तर कोठे गेलोच नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून नवे पागोटे बांधू लागला. पुढे मिटण्याची वाट कोणती ते पाहिले. उंबरपाण्याहून वाघजाळी करून कळकगड दोन मजला, आणि उंबरपाण्याहून राजधानी करून हिरडेखिंड दोनच मजला. दोघे सारखे दूर. गडाचा आकडा पाचवा, खिंडीचा नववा. कारकुनाने हे वाचिले आणि सारा दरबार आवडाबाईकडे पाहू लागला, कां की साठ माणसांनी अकरा महिने फोडिलेली वाट ती हीच. महाराज स्वतः म्हणाले की बाई, दगड बदलू, तुजला दुसरा आकडा देऊ. आवडाबाई म्हणाली, "माझ्यासाठी दगड बदलला तर उद्या प्रत्येकासाठी बदलेल. मी आकडे पाहूनच आले होते, महाराज." ऐसे म्हणोन मुजरा करून ती निघाली, आणि आठ दिवसांत दरड उपसून, वाट साफ करून, तिच्या तोंडाशी सागवानी फाटक बसवून तिने ते आपल्या हाताने लाविले. त्या दिवशी राज्यातील एकूण एक कागद एकदाच गेला आणि एकदाच पोहोचला.

यावर दोन वर्षे लोटली आणि शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध एकादशी, दसऱ्याचा दुसरा दिवस. रोजच्याप्रमाणे गडाचा जासूद भागोजी खुशाली घेऊन फाटकाशी आला, आणि आवडाबाई चिठी पाहते तो तीत उंबरपाणीचे नाव नाही. 'मूळ मी, कळकगड, आकडा पाचवा', ऐसे लिहिलेले. म्हणजे गडास मुळाची खुशाली पोहोचत नव्हती. भागोजीने सांगितले की वाघजाळीच्या अंगास धूर दिसतो, शत्रूची दोन हजार माणसे त्या बाजूने गडाखाली बसली आहेत, आणि किल्लेदारांपाशी दारूगोळा दहा दिवसांचा आहे. त्याच्या कमरेस दिवाणांच्या नावचा कागद होता, अक्षर महिपतरावाचे. आवडाबाईने तो कागद पाहिला. तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, परत ने, आणि उद्या पुन्हा आण.

तेव्हा चौकीत मोठा गलबला जाहला. माणसे म्हणो लागली की धूर डोळ्यांनी दिसतो, सख्खा भाऊ वर अडकला आहे, आणि ही बाई दिवस मोजते. एकाने तर फाटकाच्या अडसरास हात घातला. आवडाबाईने त्याचा हात धरला, ओरडली नाही, म्हणाली की धूर साकवाचा आहे की गवताच्या गंजीचा हे तुला ठाऊक आहे काय? साकव अजून उभा असेल आणि आपण उघडले, तर दादाचा कागद दहा हजार कागदांखाली जाईल. एकदा गेला आहे. मग तो हात खाली आला. द्वादशी गेली, त्रयोदशी गेली. भागोजी रोज येई, तोच कागद घेऊन फाटकाशी उभा राही, आणि रोज परत जाई, आणि गडावरून तोफांचा आवाज येई तेव्हा बाई पायरीवर बसून वाती वळीत असे आणि वाती साऱ्या वाकड्या होत. चतुर्दशीस नुसते ऐकिले. कोणत्याही बाजूने हरकत आली नाही. पौर्णिमेस वही उघडली आणि गडाच्या बाजूस कोण कोण राहतो ते टिपिले, पहिले नाव महिपतराव धोंडजी, किल्लेदार. वद्य प्रतिपदेस सूर्याची कोर दिसली आणि आवडाबाईने अडसर काढिला, आणि भागोजीने उंबरठा ओलांडला तो बाणासारखा निघाला, आणि आमच्या आठही जासुदांनी हातोहात तो कागद संध्याकाळच्या आत राजधानीत पोहोचविला. वाटेत त्या एका कागदाखेरीज दुसरा कागद नव्हता. दिवाणांनी उभ्याउभ्या वाचला आणि फौज तासाभरात बाहेर पडली, आणि चवथ्या दिवशी वाघजाळीवर शत्रूस पाठीमागून गाठले. गडावर तेव्हा अखेरच्या दिवसाची दारू शिल्लक होती. शत्रू पळाला, निशाण जागीच राहिले, आणि आम्हांस विचाराल तर त्या निशाणाच्या काठीस चार बोटे हिरडेखिंडीचा हात होता.

फौजेने वाघजाळीस नवा साकव टाकिला. वद्य दशमीस सूर्योदयी गडाची खुशाली आली ती उंबरपाणीचे नाव घेऊन आली. म्हणजे थोरली वाट पुन्हा जागी जाहली. आवडाबाईने त्याच घटकेस फाटक लाविले आणि अडसर घातला. दोन घटकांनी गडाकडून भागोजी हसत हसत उतरला आणि हातातला कागद उंच धरून म्हणाला, "नाईकबाई, किल्लेदारांनी धाडिला आहे. दिवाणांस नव्हे, तुम्हांस." वर अक्षर ओळखीचे, 'चिरंजीव आवडीस'. दोन वर्षांत भावाने लिहिलेला पहिला शब्द. फाटकाच्या दोन फळ्यांमधून तो कागद हाताच्या अंतरावर होता, आणि भागोजी म्हणत होता की एवढी एक चिठी, बाई, कोणास कळते. आवडाबाईचे डोळे भरोन आले. ती म्हणाली, "मला कळते. वाट मिटली, भागोजी. मोठ्या वाटेने धाडायास सांग." आणि आत गेली, आणि त्या दिवशी बाहेर आली नाही.

मोठ्या वाटेने चार दिवस लागतात. चवथ्या दिवशी वाघजाळी, उंबरपाणी आणि राजधानी करून पाकीट आले, आणि बाईने ते ओसरीवर आमच्या देखत फोडिले. आत पहिली चिठी जशीच्या तशी, शिक्का न उघडलेला, आणि तिजबरोबर दुसरी, नवी. आधी जुनी वाचली. तीत होते की, तू पाच दिवस थांबलीस हे भागोजीने सांगितले. मी वर तेच पाच दिवस मोजीत होतो. राधाऊचा दोष मी तुझ्या पदरी घातला तो माझा अन्याय, तो मी काढून घेतो. मग नवी वाचली. ती दोनच ओळींची होती. 'चिठी परत आली. बरे केलेस. भाऊबीजेस येतो. मोठ्या वाटेने येतो.'

येणेप्रमाणे त्या राज्यात वाटा दोन राहिल्या आणि गाठ पुन्हा पडली नाही. त्यानंतरच्या बावीस वर्षांत हिरडेखिंडीचे फाटक तीन वेळा उघडले, तीनही वेळा दिवस पुरे मोजून उघडले, आणि बाकी सर्व काळ त्या वाटेने खुशालीखेरीज काही गेले नाही. तरी ती वाट आम्ही रोज झाडली. हे लिहून ठेविले, कळावे.